विमान सोळा तासांचं, प्रवास किती तासांचा?

आम्ही नारायणगड परिसरातल्या बचत गटांच्या बाया. एरवी आम्ही तुमच्याशी कर्जाचे हप्ते, शेळ्या, शिलाई मशीन आणि गटाचं दप्तर यांवर बोलतो. आज विमानावर बोलणार आहोत. हसू नका. आपल्या गावांतली पोरंपोरी शिकून लांब लांब जायला लागली आहेत. कुणाचा मुलगा दुबईला आहे, कुणाची लेक अमेरिकेत नांदते आहे. आणि इथे राहिलेल्या आईला तीनच प्रश्न पडतात. किती लांब आहे? मला जाता येईल का? आणि काही बरंवाईट झालं, तर लेकरू किती वेळात दारात येईल?

मोबाईलला विचारलं तर तो डोळ्याची पापणी लवायच्या आत सांगतो: मुंबई ते न्यूअर्क, सुमारे १२,५०० किलोमीटर, सोळा तास. न्यूअर्क म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या शेजारचा, न्यू जर्सी राज्यातला विमानतळ. मोबाईलचं उत्तर खोटं नाही. पण ते एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतचं आहे, आणि आपल्यापैकी कुणीच विमानतळावर राहत नाही. आपल्या उंबऱ्यापासून लेकीच्या उंबऱ्यापर्यंतचा हिशेब आपल्यालाच करावा लागतो. तो कसा करायचा, ते आज सांगतो.

हा विषय आमच्याकडे आला कसा, तेही सांगतो. आमच्या एका गटातल्या काकूंची लेक न्यू जर्सीत असते. तिचं पहिलं बाळंतपण जानेवारीत होतं. लेक म्हणाली, आई, तू ये. घरातून उत्तर आलं, दिंडीबरोबर पंढरपूरला गेलीस तेवढाच तुझा प्रवास, तू अमेरिकेला एकटी कशी जाशील? काकूंनी हा प्रश्न गटाच्या बैठकीत ठेवला. त्यांना कुणाची परवानगी नको होती, माहिती हवी होती. मग आम्ही तीन बैठका त्यावरच घेतल्या. गटातली एक शिकलेली सून, एक शाळकरी मुलगी आणि फोनवर काकूंची लेक, असं सगळ्यांनी मिळून वहीत हिशेब मांडला.

पहिली गोष्ट अंतराची. गडावर उभं राहिलं की समोरचं गाव हाताच्या अंतरावर दिसतं. पण तिथे जायला निघालं की रस्ता डोंगराला वळसा घालून जातो. पाखरू उडत जातं ते अंतर वेगळं आणि गाडी जाते ते वेगळं. विमानाचं जे अंतर सांगतात, ते पाखराचं. भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूअर्क यांच्यामध्ये पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तानावरून, आफ्रिकेच्या वरच्या अंगाने समुद्र ओलांडून जाते. पण विमान तसं जात नाही, कारण पृथ्वी नकाशासारखी सपाट नाही.

हे आम्ही बैठकीत कलिंगडावर करून पाहिलं. तुम्हीही करा. एक गोल कलिंगड घ्या, मधोमध त्याचा कंबरपट्टा समजा. कंबरेच्या थोडं वर एका अंगाला मुंबईची खूण करा. दुसऱ्या अंगाला, अजून थोडं वर, न्यूअर्कची. आता दोन्ही खुणांवर सूत धरून ताणा. सूत आडवं न जाता आपोआप वर देठाकडे सरकतं. तीच सर्वात जवळची वाट. मुंबईहून अमेरिकेची सुताची वाट अफगाणिस्तान, रशिया, युरोपचा उत्तरेकडचा थंड भाग, आईसलँड अशी बर्फाच्या मुलखाजवळून जाते. १२,५०० किलोमीटर म्हणतात ते या सुताचं माप.

अंदाज यावा म्हणून अजून काही मापं सांगतो. मुंबई ते दुबई सुमारे १,९०० किलोमीटर, विमानाला तीन तास आणि वर थोडी मिनिटं. मुंबई ते सिंगापूर सुमारे ३,९००, साडेपाच तास. मुंबई ते लंडन सुमारे ७,२००, नऊ ते दहा तास. सध्या जगात कुठेही न थांबता सर्वात लांब जाणारं नेहमीचं विमान सिंगापूर ते न्यूयॉर्क असं आहे, १५,३०० किलोमीटरच्या वर, अठरा ते एकोणीस तास. आणि पृथ्वीचा पूर्ण घेर ४०,००० किलोमीटरचा. म्हणजे लेकरू जगात कुठेही गेलं, तरी सुताच्या वाटेने ते आपल्यापासून २०,००० किलोमीटरपेक्षा लांब जाऊच शकत नाही. हे ऐकून काकू म्हणाल्या, म्हणजे जगाला शेवट आहे तर!

दुसरी गोष्ट वेळेची. इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. काकूंच्या तिकिटावर लिहिलं होतं: मुंबईहून रात्री १:३० ला निघणार, न्यूअर्कला सकाळी ७:३० ला पोहोचणार, तारीख तीच. एकीने बोटं मोजली आणि म्हणाली, सहाच तास की! सहा नाहीत. निघण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते आणि पोहोचण्याची वेळ न्यूअर्कच्या घड्याळाची. तिकिटावर नेहमी त्या त्या गावची वेळ लिहितात.

दोन घड्याळांत किती फरक, ते असं काढायचं. पृथ्वी चोवीस तासांत एक गिरकी घेते. गिरकीचे ३६० अंश, म्हणजे तासाला १५ अंश. सगळ्या भारताचं घड्याळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेघेवर लावलेलं आहे, पूर्वेच्या बाजूला. न्यूयॉर्क-न्यूअर्कचं घड्याळ पश्चिमेच्या ७५ अंशांच्या रेघेवर. दोन्हींची बेरीज १५७.५. त्याला १५ ने भागलं की साडेदहा. म्हणजे त्यांचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे. आमच्यातल्या सातवीतल्या मुलीने हा भागाकार खडूने फरशीवर करून दाखवला.

आता तिकीट पुन्हा वाचा. पश्चिमेकडे जाताना घड्याळातला फरक मिळवायचा. सहा अधिक साडेदहा, साडेसोळा तास. येताना तो वजा करायचा. समजा तिकडून सोमवारी सकाळी ११:३० ला निघालं आणि मुंबईला मंगळवारी दुपारी १२ ला पोहोचलं. घड्याळात साडेचोवीस तास दिसतात. साडेदहा वजा केले की चौदा. दुबईचंही असंच. दुबई आपल्या दीड तास मागे आहे. पहाटे ४ ला निघून ५:४० ला पोहोचणार असं लिहिलेलं असेल, तर प्रवास एक तास चाळीस मिनिटांचा नाही, तीन तास दहा मिनिटांचा आहे.

अमेरिकेत अजून एक भानगड आहे. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी बहुतेक ठिकाणचे लोक घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. उन्हाळ्यातल्या उजेडाचा फायदा घ्यायला. त्यामुळे उन्हाळ्यात आपल्यातला आणि न्यूअर्कमधला फरक साडेनऊ तासांचा होतो. लेकीला फोन करताना हे लक्षात ठेवा. आपण संध्याकाळी साडेसातला दिवाबत्ती करून फोन लावला, तर हिवाळ्यात तिच्याकडे सकाळचे नऊ असतात, उन्हाळ्यात दहा. आपण सकाळी अकराला शेतातून लावला, तर तिची मध्यरात्र. ती फोन उचलत नाही म्हणून रुसू नका.

आता तिसरी गोष्ट, आणि ही फार महत्त्वाची. मंगळवारी रात्री दीड वाजताचं विमान म्हणजे कोणती रात्र? आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. मंगळवारची रात्र म्हटलं की मंगळवारचा दिवस मावळल्यावरची रात्र आपल्या डोळ्यांसमोर येते. विमानवाल्यांचा वार मध्यरात्री बारा वाजता बदलतो. तिकिटावर मंगळवार रात्री १:३० लिहिलं असेल, तर सोमवारी संध्याकाळीच विमानतळावर हजर राहायचं. मंगळवारी रात्री गेलात तर विमान जाऊन एक दिवस झालेला असतो. आम्ही काकूंच्या कॅलेंडरवर सोमवारच्या चौकोनातच लाल पेनाने विमान काढलं.

कुणीतरी विचारलं, जायला साडेसोळा आणि यायला चौदा, असं का? वाट तर तीच. कारण वारा. जमिनीपासून नऊ-दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. त्यांचा वेग कधी ताशी शंभर, कधी दोनशे किलोमीटरच्याही वर असतो. अमेरिकेहून येताना हा वारा पाठीला लागतो, जाताना तोंडावर येतो. वाऱ्याच्या तोंडाला सायकल चालवलेल्या पोरीला हे वेगळं सांगायला नको. हिवाळ्यात हा वारा जास्त जोर धरतो, म्हणून एकाच मार्गाची वेळही ऋतूप्रमाणे थोडी बदलते.

आणि सुताची सरळ वाट दर वेळी मोकळी असतेच असं नाही. आकाशालाही बांध असतात. प्रत्येक देशाचं आपलं आकाश. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना वळसा पडला, वेळ वाढला. जून २०२५ मध्ये इराण आणि इस्रायल यांच्या लढाईत आखाताकडचं काही आकाश बंद झालं आणि कितीतरी विमानं मधूनच वळवावी लागली. भावकीने बांधावरची वाट अडवली की आपल्याला पांदीने फिरून जावं लागतं, तसंच. म्हणून तिकीट काढल्यावर एकदा, निघायच्या आदल्या दिवशी एकदा आणि निघायच्या दिवशी पुन्हा एकदा वेळ तपासायची.

आता आपल्या उंबऱ्यापासूनचा हिशेब. काकूंसाठी आम्ही मांडला तो वाचून दाखवतो. सोमवारी पहाटे ५ ला घर सोडायचं. गावातून बीडपर्यंत, गाडीची वाट पाहणं धरून, तासभर. बीड ते मुंबई सुमारे ४०० किलोमीटर, नऊ ते दहा तास, म्हणजे दुपारचे चार वाजतात. शहराची गर्दी आणि थोडी विश्रांती धरून रात्री साडेनऊला विमानतळाच्या दारात, म्हणजे विमानाच्या चार तास आधी. परदेशी विमानाला तीन तास आधी या म्हणतात. पहिल्यांदा जाणाऱ्या बाईने चार धरावेत. सामान देणं, पासपोर्टवर शिक्का, तपासणी, मग फाटक शोधणं, यात वेळ कसा जातो कळत नाही. रात्री दीडला विमान सुटेपर्यंत घर सोडून साडेवीस तास झालेले असतात, आणि अजून आपण मुंबईतच! त्यापुढे साडेसोळा तास विमान. उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामान, दोन तास. लेकीच्या घरापर्यंत एक तास. एकूण चाळीस तास. त्यातले हवेत फक्त साडेसोळा.

हे चाळीस तास मांडल्यावर काय करायचं ते दिसायला लागलं. डबा किती वेळचा बांधायचा, बीपीच्या गोळ्या कधी घ्यायच्या, मुंबईत कुणाकडे टेकायचं, फोन कुठे चार्ज करायचा. भीती होती ती अंधारातली होती. वहीत ओळी ओढल्यावर तिचे नऊ-दहा लहान तुकडे झाले, आणि एकेका तुकड्याला कुणीतरी माहितगार निघालं. बीड ते मुंबई आमच्यातल्या दोघींनी केलेलं होतं. विमानतळाच्या दारापर्यंत भाचा येणार होता. पलीकडच्या दारात जावई उभा राहणार होता. एकटीने करायचा तुकडा फक्त मधला.

त्या मधल्या तुकड्यासाठी काही गोष्टी तुम्हीही लिहून घ्या.

विमानतळ कोणता ते नाव वाचून पक्कं करा. मुंबईत आता दोन विमानतळ आहेत. अंधेरी-सहारचा जुना, त्याची तिकिटावरची खूण बी, ओ, एम. आणि पनवेलजवळचा नवी मुंबईचा नवा, खूण एन, एम, आय. त्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं सुरू झाली. एकावरून दुसऱ्यावर जायला मुंबईच्या गर्दीत दीड-दोन तास सहज जातात. न्यूयॉर्कच्या बाजूलाही तसंच. न्यूअर्क वेगळा आणि जॉन केनेडी विमानतळ वेगळा. जावई एकीकडे आणि सासूबाई दुसरीकडे, असं व्हायला नको.

थेट विमान की मध्ये थांबणारं? थेट असेल तर एकदा बसलं की उतरायचं लेकीच्या गावी. मध्ये दुबई-दोहा असं थांबणारं तिकीट पुष्कळदा स्वस्त असतं, पण तीन तास, मग चार तास वाट पाहणं, मग चौदा तास, असे एकवीस-बावीस तास होतात, आणि मध्ये अनोळखी विमानतळावर विमान बदलावं लागतं. तसं जायचं असेल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असावीत. मग पहिल्याला उशीर होऊन दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीकडे लागतं. दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडू शकतात.

इंग्रजी येत नाही म्हणून अडू नका. लेकीकडून एका कागदावर इंग्रजीत लिहून घ्या: माझं नाव हे, मी या विमानाने या गावी चालले आहे, मला मराठी आणि हिंदी कळतं, माझ्या मुलीचा फोन आणि पत्ता हा. तो कागद पासपोर्टमध्ये ठेवा आणि गणवेशातल्या माणसाला दाखवा. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच सांगून ठेवा.

औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. मोठ्या बॅगेत टाकली तर ती प्रवासभर हाती लागत नाही. साखरेचं इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळा कशा बदलायच्या ते निघण्याआधी डॉक्टरला विचारावं, कारण घड्याळ साडेदहा तास सरकणार आहे. विमानात एका जागी बसून पाय सुजतात, क्वचित पायात रक्ताची गुठळीही होते. दर दोन तासांनी उठून चार पावलं चाला, बसल्याबसल्या घोटे फिरवा, पाणी पीत राहा. लघवीला उठावं लागेल म्हणून पाणी न पिणं ही आपल्या बायांची जुनी खोड आहे. ती विमानात सोडा. तिथे गेल्यावर आठ-दहा दिवस रात्री टक्क जाग आणि दुपारी पेंग येईल. तो आजार नाही. शरीर अजून बीडच्या घड्याळावर असतं.

आणि या चाळीस तासांच्याही आधीचा एक प्रवास आहे, कागदांचा. पासपोर्टला अर्ज, पोलीस पडताळणी, मग अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज आणि मुलाखत. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला कधी कधी कितीतरी महिने जातात. विमान सोळा तासांत नेतं, पण कागद त्याच्या किती तरी आधी हलवावे लागतात. लेकीने गोड बातमी सांगितली की त्याच आठवड्यात पासपोर्ट काढून पाहा, मुदत किती उरली आहे ते. ज्यांची मुलं बाहेर आहेत त्या सगळ्यांनी, जायचं ठरलेलं नसलं तरी, पासपोर्ट काढून ठेवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

काकू गेल्या. चाळीसऐवजी एक्केचाळीस तास लागले, रांग मोठी होती म्हणून. लेकीला मुलगी झाली. साडेतीन महिन्यांनी काकू परत आल्या आणि त्याच महिन्याच्या बैठकीला सतरंजीवर बसून बचत भरली.

या हिशेबात आम्हाला एक जुनी बाई भेटली, तिचीही गोष्ट सांगतो. डॉक्टर आनंदीबाई जोशी. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, नवरा इथेच असताना ती वैद्यकी शिकायला अमेरिकेला निघाली. ७ एप्रिलला कलकत्त्याहून जहाजात बसली आणि जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला उतरली. जवळजवळ दोन महिने. तिला लेकीसारखं जपणाऱ्या कार्पेंटरबाईंचं घर न्यू जर्सीतल्या रोझेल गावात होतं. आज आपलं विमान जिथे उतरतं त्या न्यूअर्क विमानतळापासून ते गाव थोड्याच किलोमीटरवर आहे. पुढे ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला गेलं, तेही कैरो आणि जिनिव्हाला थांबत थांबत. आज आपण साडेसोळा तास फार म्हणतो. आनंदीबाईचं नुसतं पत्र घरी यायला आठवड्यांवर आठवडे जात. अठरा वर्षांची पोर ते सोसून डॉक्टर झाली, ११ मार्च १८८६ ला.

आता जड विषय. तो टाळून चालणार नाही. घरात कुणी गेलं तर परदेशातल्या लेकरासाठी थांबायचं का? अशा वेळी कुणीतरी मोबाईल काढून म्हणतं, विमान सोळा तासांचं आहे, उद्या येईल. सगळे थांबतात. मग उद्या उजाडतो, लेकरू येत नाही, भावकीत कुजबुज सुरू होते आणि त्या लेकराला जन्मभराचा ठपका लागतो. खरा हिशेब असा असतो: तिकीट मिळून विमानतळ गाठायला निदान अर्धा दिवस, विमानाला चौदा तास, मुंबईत उतरून बाहेर पडायला दोन तास, मुंबईहून गावात नऊ-दहा. सगळं सुरळीत झालं तरी दीड दिवस, थोडं अडलं की दोन. दुबईहूनसुद्धा, विमान तीन तासांचं असलं तरी, वीस-बावीस तास धरा. हा आकडा शांत असताना, सगळे बसलेले असताना, घरात एकदा बोलून ठेवा. थांबायचं की नाही हे प्रत्येक घर आपापलं ठरवेल. पण ते खऱ्या आकड्यावर ठरवा, आणि जे लेकरू पोहोचू शकलं नाही त्याला बोल लावू नका.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा आमच्यातल्या एक मावशी गप्प बसून होत्या. त्या दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. शेवटी त्या म्हणाल्या, अमेरिकेची पोरगी दोन दिवसांत येते. मी बेळगावच्या कारखान्यावर होते, तेव्हा माझी आई गेली. मला पाच दिवस लागले.

बैठकीत कुणी काही बोललं नाही. बेळगाव काही १२,५०० किलोमीटर नाही. गाडीने एका रात्रीची वाट. पण उचल घेतलेली, मुकादमाची परवानगी, हातात भाड्याचे पैसे नाहीत, फडातून रस्त्यापर्यंत यायला वाहन नाही. किलोमीटर थोडे होते, तरी ती आपल्या काकूंच्या लेकीपेक्षा लांब होती. लेकीकडे कार्ड होतं, रजा होती, तिकीट काढायला फोन होता. अंतर मोजताना हेही मोजावं लागतं, ते आम्हाला मावशींनी शिकवलं.

म्हणून आमच्या गटांनी दोन ठराव केले. पहिला, गटाच्या दप्तरात प्रत्येक घराचं एक प्रवासाचं पान ठेवायचं. घरातलं जे माणूस लांब आहे, ते न्यूअर्कला असो, दुबईला असो, पुण्याच्या कंपनीत असो की बेळगावच्या फडात, त्याचा पत्ता, तिथल्या जवळच्या माणसाचा फोन, तिथून गावापर्यंतचे सगळे टप्पे, प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ आणि अंदाजे भाडं. परदेशात असेल तर घड्याळातला फरकही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी निघण्याआधी हे पान भरूनच जायचं. दुसरा ठराव, गटाच्या बचतीतून थोडी रक्कम तातडीच्या प्रवासासाठी बाजूला ठेवायची. त्यासाठी महिन्याच्या बैठकीची वाट पाहायची नाही. अध्यक्ष, सचिव आणि एक सदस्य अशा तिघींनी फोनवर होकार दिला की त्याच दिवशी पैसे द्यायचे, आणि परतफेड घरी आल्यावर सोयीच्या हप्त्यांनी.

तुमच्या गटातही हे करून पाहा. फार वेळ लागत नाही. एका बैठकीत आठ-दहा पानं भरून होतात. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलींना बसवा, त्यांचा भूगोलही पक्का होईल. कलिंगडाचा हंगाम असेल तर एक कलिंगड आणि हातभर सूत आणा. माप झालं की कलिंगड कापून खा आणि मग पानं भरायला घ्या. पान भरताना सुरुवात विमानतळापासून करू नका. आपल्या दारापासून करा.